रांगेतले शेवटचे गिऱ्हाईक

मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदारांचे जे हाल झाले, त्यांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्याच गाडीने महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ग्रँट रोड गाठणारा आणखी एक लहानसा वर्ग होता. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष जावे एवढे त्याचे संख्याबळही नव्हते. खिशात सुट्या भागांची यादी, पाठीवर पिशवी, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्थानकाबाहेर पडून लॅमिंग्टन रोड, हा त्याचा ठरलेला मार्ग. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव देऊन बराच काळ लोटला. परंतु ते नाव सांगून आयसीचे दुकान विचारणारा माणूस अद्याप जन्मायचा आहे. ठाण्यातला तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, डोंबिवलीतला निवृत्त टेलिफोन अभियंता, कल्याणचा टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर, वागळे इस्टेटमध्ये चार माणसे हाताशी धरून कंट्रोल पॅनेल बनवणारा लघुउद्योजक, या साऱ्यांचे ते पंढरपूर.

जून २०२० मध्ये लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती काढून घेतली गेली, आणि लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा डब्यात पाऊल ठेवता आले. सोल्डरिंगची हौस ही काही अत्यावश्यक सेवा नव्हे, तेव्हा याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. दैवदुर्विलास असा की, गाडी सुरू झाली त्याच सुमारास माल संपला. दुकाने उघडी होती. हवी ती चिप नव्हती, आणि कोठे असलीच तर दुपटी-तिपटीच्या भावाने होती.

हा माल म्हणजे काय, ते थोडे सांगावयास हवे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेत सामावलेला छोटा संगणक. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. एकदा लिहून ठेवलेली आज्ञावली तो मुकाट्याने पाळत राहतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करणे, दुकानाच्या पाटीवर अक्षरे फिरवणे, घरच्या गणपतीच्या आराशीत कारंज्याचा आणि दिव्यांचा मेळ घालणे, ही त्याची कामे. डोंबिवलीतल्या गणपतीच्या मखरांत एके काळी ५५५ आणि ४०१७ या आयसींच्या जोडीवर दिवे पळत असत. आज त्याच जागी ‘अर्डुइनो’ नावाचा तळहाताएवढा बोर्ड असतो. इटलीतील इव्रेया या गावी, जेथे ऑलिव्हेटीची टंकलेखन यंत्रे होत असत, २००५ मध्ये काही अध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी तो तयार केला. त्याचा आराखडा त्यांनी जगाला मोकळा करून दिला. कोणीही तो पाहावा, बनवावा, विकावा, सुधारावा. विसाव्या शतकातील ‘पेटंट’च्या कडेकोट तटबंदीनंतर हे औदार्य थक्क करणारे होते, आणि त्याची फळेही तशीच मिळाली. चीनमधील कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या, किंमत काही शे रुपयांवर आली, आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण प्रयोगशाळेच्या कुलपातून बाहेर पडून मध्यमवर्गीय घरातल्या अभ्यासाच्या टेबलावर आले.

परंतु या औदार्यात एक मेख होती आणि ती टंचाईच्या काळातच दिसून आली. आराखडा मोकळा, पण त्याच्या मध्यभागी बसणारी ‘एटीमेगा ३२८पी’ ही चिप मोकळी नाही. ती एकच कंपनी बनवते. पूर्वी तिचे नाव ॲटमेल होते; २०१६ मध्ये मायक्रोचिपने ती विकत घेतली. म्हणजे घर कसे बांधावे याचा नकाशा सर्वांना फुकट आणि विटांची भट्टी मात्र एकाच मालकाची, असा हा प्रकार. भट्टी विझेपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये या चिपेसाठी ‘वर्षभर थांबा’ असे उत्तर मिळू लागले, तेव्हा ती अनेकांच्या ध्यानात आली.

आग, बर्फ आणि टँकर

भट्टी का विझली याची कारणे आता सर्वश्रुत आहेत. साथीच्या पहिल्या महिन्यांत मोटार कंपन्यांनी घाबरून चिपांच्या मागण्या रद्द केल्या. नेमक्या त्याच वेळी जगातल्या सर्व शाळा आणि कचेऱ्या घरात शिरल्या आणि लॅपटॉपची मागणी वाढली; रिकामी झालेली जागा तिने भरून काढली. मोटार कंपन्या काही महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. सिलिकॉनच्या चकतीवर चिप तयार होण्यास साधारण तीन महिने लागतात, कधी अधिक. तो काळ पैसे ओतून आठवड्यावर आणता येत नाही. त्यात संकटे एकामागून एक आली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील आसाही कासेईचा कारखाना जळाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली आणि ऑस्टिनमधील सॅमसंग, एनएक्सपी व इन्फिनियन यांची केंद्रे बंद पडली. १९ मार्च २०२१ रोजी रेनेसासच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. त्याच वर्षी तैवानमध्ये अर्धशतकातला सर्वांत मोठा दुष्काळ पडला आणि जगातील सर्वांत प्रगत चिप कारखान्यांना टँकरने पाणी आणावे लागले. टँकर म्हणजे काय हे कल्याण-डोंबिवलीच्या परिसरातील २७ गावांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु कारखान्याच्या दारातला टँकर मोटारींचे, फोनांचे आणि गणपतीच्या मखराचेही वेळापत्रक बिघडवू शकतो, हा धडा नवा होता.

बड्यांनाही त्याचा फटका बसला. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले. महिंद्रानेही त्या महिन्यात २० ते २५ टक्के कपात केली. रिलायन्सने आपल्या स्वस्त स्मार्टफोनसाठी त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीचा मुहूर्त धरला होता. तो चुकला, चिपांच्या टंचाईचे कारण देऊन फोन दिवाळीपर्यंत पुढे गेला. जेथे रिलायन्सला थांबावे लागले, तेथे डोंबिवलीतल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची काय कथा?

येथे एक भेद मात्र लक्षात घेतला पाहिजे. रिलायन्स थांबली ती रांगेत उभी राहून. तो विद्यार्थी रांगेतच नव्हता. चिपेचा कारखाना वितरकाला माल देतो, वितरक लाखांच्या मागणीला आधी पुरवतो, मग हजारांच्या, मग शेकड्यांच्या. सुट्या दोन चिपा मागणाऱ्यापर्यंत जो माल पोचतो तो वरच्या सर्वांचे भागल्यानंतर उरलेला. सुबत्तेच्या काळात हा उरलेला माल एवढा मोठा असतो की तो खास आपल्यासाठीच ठेवला आहे असे हौशी माणसाला वाटत राहते. टंचाई आली की त्याचा हा भ्रम फिटतो. ‘रास्पबेरी पाय’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुलांनी संगणकाशी खेळावे म्हणून केंब्रिजमध्ये जन्मलेला हा स्वस्त बोर्ड. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या इतिहासातली पहिली दरवाढ झाली, आणि २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख एबेन अप्टन यांनी स्पष्टच सांगितले की, ज्यांचा धंदा या बोर्डावर उभा आहे अशा उद्योगांना आधी माल दिला जाईल. यात अप्रामाणिकपणा काहीच नव्हता. कामगारांचे पगार अवलंबून असलेला लघुउद्योग आणि सुटीत यंत्रमानव बनवणारा मुलगा यांत निवड करायची झाली तर कोणीही हेच करील. तरीही, ज्या मुलाच्या नावाने एखादी वस्तू निघाली त्यालाच ती शेवटी मिळावी, हे पाहून मन थोडे खट्टू होते. २०२३ मध्ये हा पुरवठा सुरळीत झाला.

टंचाईचा एक लाभही झाला, तो नोंदवला पाहिजे. याच कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये ‘पिको’ नावाचा चार डॉलरचा बोर्ड काढला. त्यातली चिप तिने स्वतः आखलेली, आणि आकाराने इतकी लहान की सिलिकॉनच्या एका चकतीतून अशा सुमारे वीस हजार चिपा निघतात. जग चिपांसाठी वणवण करीत असताना ही चिप मिळत राहिली. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ‘ईएसपी ३२’ने दुसऱ्या बाजूने तीच पोकळी भरून काढली. या कंपनीच्या आज्ञावलीचे बरेच काम पुण्यात होते, ही गोष्ट मराठी वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. वर्षानुवर्षे एकाच चिपेवर विसंबलेल्यांना नाइलाजाने दुसरी शिकावी लागली. मात्र हा नाइलाज सर्वांना सारखाच सोसला असे नाही. घरी एक बोर्ड करणाऱ्याला चिप बदलणे म्हणजे दोन रविवारांचे काम. वागळे इस्टेटमधल्या ज्या उद्योजकाने शंभर गिऱ्हाइकांकडे आपले पॅनेल बसवले आहे, त्याला चिप बदलणे म्हणजे नवा पीसीबी, नवी आज्ञावली, नव्या चाचण्या आणि जुन्या यंत्रांची दुरुस्ती निराळी सांभाळणे. ‘एसटीएम ३२’ जातीच्या लोकप्रिय चिपेचा खुल्या बाजारातला भाव त्या काळात अनेक पटींनी वाढला. ज्याने वर्षभर आधी दर ठरवून काम घेतले होते त्याने ती वाढ खिशातून भरली.

जेथे टंचाई, तेथे भेसळ; मग ते तेल असो की चिप. जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या, घासून वर नवे नाव छापलेल्या चिपा बाजारात येतात हे जुनेच दुखणे. सुट्या गिऱ्हाइकापाशी त्या तपासण्याचे साधन नसते. २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीने आपल्या चिपेच्या नकला ओळखून त्या निकामी करणारी आज्ञावली संगणकांत पोचवली, तेव्हा जगभर ज्यांचे बोर्ड बंद पडले त्यांतील अनेकांना आपण नकली माल घेतला होता हे तोपर्यंत माहीतही नव्हते. चोर निराळा आणि शिक्षा निराळ्याला, असा तो न्याय होता. टंचाईने अशा नकली मालाला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले.

राखी चालेल, चिप नाही

जागतिक कारणांपुढे कोणाचा इलाज चालत नाही, हे मान्य. परंतु भारतातील हौशी माणसाची कोंडी केवळ टेक्सासच्या बर्फाने झाली नाही. तिची सुरुवात साथीच्याही आधी झाली होती. परदेशातून टपालाने येणाऱ्या लहान पुडक्यांवर ‘भेटवस्तू’ असे लिहून कर चुकवला जातो, अशी सरकारची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. त्यावर उपाय म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने भेटवस्तूंची आयातच बंद केली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबत येणारी भेट चालणार नाही, एवढी दक्षताही त्या आदेशात घेतली होती. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर चीनहून आलेला माल बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणीसाठी अडून राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये ज्या ४३ ॲपवर बंदी आली, त्यांत ‘अलीएक्सप्रेस’ होते. आणि बोर्ड, सेन्सर, सुटे मॉड्यूल घरबसल्या मागवण्याचा हौशी मंडळींचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता.

सीमेवर जवान प्राण देत असताना पाच डॉलरच्या सेन्सरची रड कोणी ऐकावी, असा प्रश्न विचारला जाईल. तो रास्त आहे. परंतु चीनवरचे अवलंबन त्यामुळे कमी झाले काय, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. तोच बोर्ड, त्याच कारखान्यातला, मोठ्या आयातदाराच्या कंटेनरमधून येत राहिला. फरक एवढाच पडला की डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला तो अधिक किमतीत आणि दुसऱ्याने निवडलेल्या वाणांतून घ्यावा लागला. आयसीवर सीमाशुल्क नाही, हे १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला त्याचे फळ. मात्र दोनशे रुपयांच्या चिपेवर कुरिअरचे भाडे तिच्या कित्येक पट, त्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर, त्यावर कागदपत्रांचा सोपस्कार. मग शून्य सीमाशुल्काचे कौतुक त्या गिऱ्हाइकाने काय म्हणून करावे?

सुट्या भागांची ही परवड तशी नवी नाही. आयात परवान्यांच्या जमान्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर ही हौशी माणसाची शिदोरी होती. ‘एसएल १००’ आणि ‘एसके १००’ या धातूच्या टोपीच्या जोडगोळीने तंत्रनिकेतनांच्या कित्येक पिढ्या शिकवल्या. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वयंपूर्ण करण्याचा आराखडा १९६६ मध्येच दिला होता. मोहालीत सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सची स्थापना १९७६ मध्ये झाली. तो कारखाना फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत जळाला आणि नंतरची मौल्यवान वर्षे पुन्हा उभे राहण्यात गेली. मोहालीत आजही १८० नॅनोमीटरच्या चिपा होतात. मुंबईच्या आयआयटीत आखलेला ‘अजित’ प्रोसेसर तेथेच घडला. ‘सी-डॅक’ने ‘वेगा’ मालिकेतील प्रोसेसरवर आधारित ‘एरीज’ नावाचे शिकाऊ बोर्डही काढले आहेत. म्हणजे बुद्धी आहे, आराखडे आहेत. तरीही अंधेरीपासून अंबरनाथपर्यंतच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा पडतो तो इटलीचा आराखडा, अमेरिकेची चिप आणि चीनचे सोल्डर.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा निघाली की ती तळेगावला जाऊन अडकते. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत गेला, त्यावर आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि तो तेथेही झाला नाही. जो कारखाना कोठेच उभा राहिला नाही त्याबद्दल जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशाने राज्यातल्या लहान इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला माल कोठून मिळतो याबद्दल बोलले गेले नाही. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना आखली, त्यातून काही प्रकल्प खरोखर मार्गी लागले आहेत. ढोलेरा येथे टाटा आणि तैवानची पॉवरचिप यांचा जो कारखाना योजला आहे, त्यात २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपा होणार आहेत. मायक्रोकंट्रोलरना लागते ती हीच जात. साणंदमध्ये चिपा कवचबद्ध करण्याच्या प्रकल्पात रेनेसास भागीदार आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या अर्डुइनोच्या नव्या ‘युनो आर ४’मध्ये रेनेसासचीच चिप आहे. या दोन टोकांची गाठ कधी काळी पडली तर ती स्वागतार्ह घटना ठरेल. पण कारखाना देशात असला म्हणून रांग उलटी होत नाही. लासलगाव नाशिक जिल्ह्यातच आहे. तरी कांदा कडाडतो तेव्हा नाशिककरालाही तो कडाडलेल्या भावानेच घ्यावा लागतो.

ही चर्चा आताच करण्याचे कारण म्हणजे टंचाई पुन्हा दारात आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस नेदरलँड्स सरकारने नेक्सपेरिया कंपनीचा ताबा घेतला, चीनने तिच्या मालाची निर्यात रोखली, आणि अगदी क्षुल्लक किमतीच्या डायोड-ट्रान्झिस्टरांसाठी मोटार कंपन्यांची पुन्हा धावाधाव झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतिचिपांचा बाजार उचलला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पायच्या १६ गिगाबाइटच्या बोर्डाची किंमत १२० डॉलरवरून १४५ वर गेली. लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये स्मृती चिपेतच असते, त्यामुळे त्यांना ही झळ थेट लागत नाही. परंतु २०२१ मध्येही झळ प्रथम दुसरीकडेच लागली होती.

कारखान्यांची वाट पाहण्याआधी करता येण्याजोगी कामे आहेत आणि त्यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. शिक्षणसंस्थेसाठी वा स्वतःसाठी मागवलेल्या सुट्या चिपांच्या लहान पुडक्यांना टपालाने सुटसुटीत वाट देता येईल. कर घ्यावा, पण कागद एकच असावा. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांचे अनुदान मिळते. त्यात अमुकच बोर्ड हवा असा आग्रह न धरता ते काम करणारा कोणताही बोर्ड घेण्याची मोकळीक मुख्याध्यापकांना असावी. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आपापल्या गरजेच्या चिपा निरनिराळ्या मागवतात आणि प्रत्येक जण किरकोळ गिऱ्हाईक ठरतो. त्यांनी आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी मिळून एक मागणी नोंदवली, तर तोच किरकोळ आकडा हजारांत जाईल आणि वितरकाच्या वहीत त्याला ओळ मिळेल. चार-सहा महिन्यांचा साठा सामाईक ठेवणे हेही त्यातून जमू शकेल.

सध्या घडते ते असे. जुलैत वर्ग सुरू होतात, ऑगस्टमध्ये प्रकल्पाचा विषय ठरतो, दिवाळीनंतर सुट्या भागांची यादी तयार होते, आणि ती घेऊन चौघांच्या गटातला एक जण डोंबिवलीहून गाडी पकडतो. साथीच्या वर्षी ज्यांच्या हाती बोर्ड आला नाही त्यांनी संगणकाच्या पडद्यावर चित्रातला दिवा लावून दाखवला आणि परीक्षकांनी तो मान्य केला. त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. त्यांपैकी कित्येक जण आज अभियंते म्हणून नोकरीला आहेत. कढईतल्या भाजीसारखा धूर काढणारा कपॅसिटर त्यांनी शिक्षणाच्या चार वर्षांत एकदाही हुंगलेला नाही.